कर्जातला मुका बी

इंग्रजी स्पेलिंगला काही नियम नसतो, ते नुसतं घोकायचं असतं, असं आमच्या पिढीला सांगितलं गेलं. बी-यू-टी बट, तर पी-यू-टी पुट कसं? असल्याच कोड्यांवर 1975 सालच्या 'चुपके चुपके' सिनेमात लोक पोट धरून हसले. आम्हाला त्या काळात हसू येत नव्हतं. आमच्या तळहातावर छड्या पडत होत्या.

आम्हाला इंग्रजी पाचवीत आलं. साल 1971. घरात इंग्रजी अक्षर दिसायचं ते फक्त खताच्या पोत्यावर, नाही तर विहिरीवरच्या इंजिनाच्या पाटीवर. सी-ए-टी कॅट, कॅट म्हंजे मांजर, असं सूर लावून म्हणायचं. लगेच बहात्तरचा दुष्काळ आला. अर्धा वर्ग मायबापाबरोबर खडी फोडायला गेला. खडीच्या ढिगावर बसून आम्ही पोट्टे एकमेकाला स्पेलिंग विचारायचो. चुकलं त्यानं घमेलं उचलायचं, असा करार.

आठवीत मात्र एक सर असे भेटले, की त्यांनी छडी बाजूला ठेवली. म्हणाले, "पोट्टेहो, याच्यात नियम हायेत. पण ते तुमाले कोनं सांगतलेच नाईत." मग फळ्यावर त्यांनी सायकल हा शब्द लिहिला. सी-वाय-सी-एल-ई. सी दोनदा आला, पण एकदा स आणि एकदा क. का? तर सी च्या पुढं ई, आय किंवा वाय आला की त्याचा बहुधा स होतो. नाही तर क. म्हणून सिटीचा स आणि कॉटनचा क. ज्या सायकलवर आम्ही नळ्यात पाय घालून शिकलो, तिच्यातच हा नियम बसलेला होता.

दुसरा नियम शेवटच्या ई चा. एच-ए-टी हॅट. शेवटी ई लावला की हेट. तो ई स्वतः बोलत नाही, मागच्या स्वराला लांबवतो. सर म्हणाले, "आपली मात्रा डोक्यावर बसते, यायची शेवटी बसते, एवढाच फरक."

तिसरा नियम डबल अक्षराचा. कट ला आयएनजी जोडला की टी डबल होतो. ईट ला जोडला तर टी एकच. कारण कट मध्ये स्वर एकटा आणि ऱ्हस्व, त्याला राखण लागते. दुसरा टी म्हणजे त्या ऱ्हस्वाचा राखणदार. ईट मध्ये ई आणि ए असे दोन स्वर जोडीनं उभे आहेत, त्यांना राखण कशाला?

चौथा नियम आय आणि ई चा. बिलीव्ह मध्ये आय आधी. पण सी च्या नंतर आले तर ई आधी, जसं रिसीव्ह. याला अपवाद आहेत. जप्त करणं या अर्थाचा सीझ हा शब्द जवळ सी नसतानाही ई आधी घेतो. आम्ही मनात म्हटलं, जप्तीवाले कधी नियम पाळतात का!

मग ही अपवादांची रास कुठून आली? याचं उत्तर मला पुढं वाचताना मिळालं, आणि ते शेतकऱ्याला लवकर समजेल असं आहे. इंग्लंडात 1476 साली विल्यम कॅक्स्टननं छापखाना घातला. त्याआधी लोक बोलतील तसं लिहीत. छापखान्यामुळं स्पेलिंग हळूहळू पक्कं होऊ लागलं, आणि त्याच दोन-तीनशे वर्षांत लोकांचे उच्चार बदलत गेले. नाईफ मधला के पूर्वी बोलला जाई. नाईट मधला जीएच घशातून, ख सारखा निघे. नदीनं पात्र बदललं, पण सातबाऱ्यावर जुनीच हद्द राहिली, तसं झालं. 1755 मध्ये डॉ. जॉन्सननं मोठा शब्दकोश काढला आणि त्या हद्दीवर दगड रोवले गेले.

काही अक्षरं तर कधी बोललीच गेली नव्हती. कर्जाला इंग्रजीत डेट म्हणतात. स्पेलिंग डी-ई-बी-टी. हा शब्द फ्रेंचांकडून आला तेव्हा त्यात बी नव्हता. पुढं पंडितांनी लॅटिन मूळ दाखवायला तो मधे घातला. पेरलेलं पण न उगवलेलं बी. पावतीच्या रिसीट मधला पी असाच लॅटिनच्या मानापायी आला. नांगराचं तर दोन देशांत दोन तऱ्हेचं. इंग्रज पी-एल-ओ-यू-जी-एच लिहितात. अमेरिकेत पी-एल-ओ-डब्ल्यू लिहून मोकळे होतात. जमीन दोन्हीनं सारखीच नांगरली जाते.

आपणही यातून सुटलो नाही. 1962 साली मराठी साहित्य महामंडळानं शुद्धलेखनाचे नियम केले आणि न बोलले जाणारे अनुस्वार काढून टाकले. जुने लोक 'नाहीं' वर टिंब देत, आम्ही दिलं नाही. म्हणजे नियम माणसंच करतात आणि माणसंच बदलतात.

शब्दांचं असं झालं. पण आमच्या नावांचं काय? इंग्रजांनी वऱ्हाडचं बेरार केलं. अमरावती जुन्या कागदांत उमरावती होती, म्हणून आमचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' नावानं विकला गेला, आणि त्याचं स्पेलिंग डबल ओ नं सुरू. 1870 मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावची रेल्वे सुरू झाली. गाठी याच वाटेनं मुंबईला गेल्या आणि पिकवणाऱ्याला ठाऊक नसलेलं नाव लावून पुढं बोटीत चढल्या. पुढं विल्यम हंटर यांनी देशी नावं इंग्रजीत लिहायची एक पद्धत बसवली, ती सरकारनं घेतली. तरी आमच्या जिल्ह्याच्या 1910 च्या गॅझेटियरवर डी च्या पुढं एच नाही, आणि आज आहे. मराठीत तरी कुठं एकमत आहे? कोणी बुलडाणा लिहितो, कोणी बुलढाणा.

जिल्ह्याच्या नावात एच कमी-जास्त झाला म्हणून जिल्ह्याचं काही अडलं नाही. माणसाचं अडतं. ज्ञानदेव हे नाव आमच्याकडं घरोघर. ते इंग्रजीत डी-एन-वाय नं लिहायचं की जी-वाय नं? मराठी कारकून एक लिहितो, हिंदी वळणाचा दुसरं. वानखडे की वानखेडे, ए की ई? माझ्या एका चुलतभावाच्या आधारावर एक अक्षर आणि पासबुकावर दुसरं निघालं. पीकविम्याची रक्कम एका बँकेत सव्वा वर्ष अडकली. प्रतिज्ञापत्र झालं, स्टँप पेपर झाला, तीन चकरा झाल्या. मी सोबत होतो. खिडकीपाशी तो मला म्हणाला, "भाऊ, मी तं सही मराठीत करतो. मंग इंग्रजीत माह्यं नाव कोनं लिवलं?"

याचं उत्तर खिडकीतल्या माणसाजवळ नव्हतं, माझ्याजवळही नव्हतं. डेट मधल्या बी चा इतिहास पुस्तकात सापडतो. त्याच्या नावातलं ते अक्षर कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या टेबलावर टाकलं, हे कुठंच लिहिलेलं नाही. इंग्रजी शब्द आम्ही चुकवला तर छडी आम्हाला. आमचं नाव दुसऱ्यानं चुकवलं तरी चकरा आम्हालाच.

2000 साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात इंग्रजी पहिलीपासून आलं. आता आमच्या गावातली पोरं स्पेलिंगला भीत नाहीत. मोबाइल चुकलेला शब्द सुधारून देतो. नावाखाली मात्र तोही लाल रेघ ओढतो, कारण त्याच्या कोशात आपली नावं नाहीत. म्हणून आमच्या वाड्यात आता एक रीत पडली आहे. बारसं झालं की घरातलं शिकलेलं पोर बाळाचं, बापाचं नाव आणि आडनाव मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहितं. बाप तो कागद खिशात घालून जन्मदाखला काढायला जातो, आणि दाखला हातात आला की एकेक अक्षर बोट ठेवून जुळवतो. मगच खिडकी सोडतो.