‘बाळाच्या किडनीला सूज’: सोनोग्राफीतले मिलिमीटर काय सांगतात?

चाकण, भोसरी, पिंपरीच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या अनेक घरांत गरोदरपणातल्या तपासण्या इथे होतात आणि बाळंतपण माहेरी, मराठवाड्यात किंवा विदर्भात. या धावपळीत सोनोग्राफीची फाइल मागे राहते. पाचव्या महिन्यात ‘बाळाच्या किडनीला थोडी सूज’ असं निघालं असेल, तर तीच फाइल सगळ्यात महत्त्वाची असते.

ही सूज इन्फेक्शनची नसते. किडनीच्या ज्या भागात लघवी गोळा होऊन खाली नळीत उतरते, तो भाग लघवी साचून फुगतो. याला हायड्रोनेफ्रोसिस म्हणतात. डॉक्टर या भागाची पुढून मागे रुंदी मोजतात. रिपोर्टमध्ये ती ‘एपी डायमीटर’ किंवा नुसतं ‘एपीडी’ म्हणून दिसते.

पण नुसता आकडा गुगल करून उपयोग नाही. तो कधी मोजला, हे आधी बघा. २०१४ साली तज्ज्ञांनी मिळून ठरवलेल्या वर्गीकरणानुसार २८ आठवड्यांच्या आधी ४ मिमीपेक्षा कमी, त्यानंतर ७ मिमीपेक्षा कमी आणि जन्मानंतर १० मिमीपेक्षा कमी रुंदी सामान्य धरतात. म्हणजे ६ मिमी विसाव्या आठवड्यात लक्ष ठेवण्याजोगे. बत्तिसाव्यात, दुसरं काही वावगं नसेल, तर सामान्य. शिवाय हे व्हर्नियरने जॉब मोजण्यासारखं नाही. बाळ हलतं, मोजणारा हात बदलतो, एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच.

सौम्य सूज बहुतेक बाळांत आपोआप जाते. मात्र ती गेली की नाही, हे मोजूनच कळतं आणि गडबड नेमकी इथे होते. जन्मानंतर पहिले दोन दिवस बाळाला लघवी कमी होते, त्यामुळे असलेली सूजही कमी दिसू शकते. म्हणून पहिली सोनोग्राफी साधारण ४८ तासांनंतर करतात आणि ती चांगली आली तरी १ ते ६ महिन्यांनी पुन्हा. दुसऱ्या दिवशीच्या ‘नॉर्मल’ रिपोर्टवर निर्धास्त राहू नका. दोन्ही किडन्यांना जास्त सूज, एकच किडनी, गर्भजल कमी किंवा लघवीची पिशवी तट्ट फुगलेली असेल, तर मात्र ४८ तासही थांबायचं नाही.

पिशवी फुगण्याचं एक कारण म्हणजे मूत्रमार्गातला जन्मजात पडदा. तो फक्त मुलग्यांत असतो. आपल्याकडे १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने गर्भलिंग सांगणं गुन्हा आहे, म्हणून डॉक्टर फक्त किडनी आणि पिशवीबद्दल बोलतात. त्यावरून अंदाज बांधू नका, विचारूही नका. पक्कं निदान जन्मानंतरच होतं.

मोठ्या मुलांत पिशवीचंही माप घेतात: लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार, त्याला ०.५२ ने गुणायचं. वयात १ मिळवून ३० ने गुणलं की अपेक्षित क्षमता मिलिलिटरमध्ये येते; पाच वर्षांच्या मुलाची सुमारे १८०. मुलाला फार वेळ लघवी धरायला लावली तर किडनीही फुगलेली दिसू शकते. म्हणून लघवी करून आल्यावर पुन्हा बघतात.

तपासणी पिंपरीच्या वायसीएममध्ये होवो वा गावाकडच्या सेंटरमध्ये, जुने रिपोर्ट तारखेनिशी सोबत न्या. निघण्यापूर्वी प्रत्येक पानाचा फोटो आईच्या मोबाइलमध्येही असू द्या.