कोयनेच्या पाण्यावरून

चीन देशातील यांगत्से नदी सुमारे सहा हजार तीनशे किलोमीटर लांबीची आहे. तिच्या मार्गात छ्यूथांग, वू आणि शीलिंग अशा तीन घळया लागतात. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मध्ये चिंचोळे, खळाळते पाणी. पूर्वी मालाने भरलेल्या नावा येथून वर न्यावयाच्या म्हणजे काठावरून माणसे बांबूचे दोरखंड खांद्याला लावून त्या ओढीत. पन्नास-पन्नास, शंभर-शंभर माणसे एका नावेला! १८९८ साली आर्चिबाल्ड लिट्ल या इंग्रज व्यापाऱ्याने पहिली लहानशी आगबोट या घळयांतून चुंगकिंगपर्यंत नेली. आज तेथे मजल्या-मजल्यांची जहाजे फिरतात, आणि जगभरचे प्रवासी कठड्याला टेकून कडे पाहतात. मात्र ते ज्या पाण्यावरून जातात ते पाणी जुने नव्हे. १९९४ साली तेथे धरणाचे काम सुरू झाले, २००३ मध्ये पाणी अडले, २०१० मध्ये ते ठरल्या उंचीला पोहोचले. सुमारे तेरा लाख माणसांना घरे सोडावी लागली. देखावा पाहणाऱ्याच्या पायाखाली गावेच्या गावे आहेत.

आपल्याकडे असे काही आहे काय, असे कोणी विचारले तर मी चीनकडे बोट न दाखवता साताऱ्याकडे दाखवीन. कोयनेचा शिवसागर जलाशय तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पुण्याहून शनिवारी पहाटे स्वारगेटला पाठीवर पिशव्या टाकलेली तरुण मंडळी जमतात, ती बरीचशी तिकडेच निघालेली असतात. साताऱ्याहून कासच्या पठारावरून बामणोलीला उतरायचे, तेथे वनखात्याची परवानगी काढायची, आणि लाँचमध्ये बसून तास-दीड तासाने वासोट्याच्या पायथ्याशी लागायचे. महाबळेश्वरकडून येणारे तापोळ्याला उतरतात. डोंगर, जंगल, निळे पाणी, सगळे खरोखरीच देखणे आहे. ‘मिनी काश्मीर’ हे नाव मात्र कोणी आणि कशाला दिले कोण जाणे. जावळीला काश्मीरचे नाव उसने घेण्याची गरज नव्हती.

आता खोऱ्याची रचना थोडी पाहू, कारण पुढचा सारा इतिहास तिच्यातूनच निघतो. यांगत्से डोंगराच्या रांगा आडव्या कापीत जाते, म्हणून तिथे घळया. कोयना तसे करीत नाही. महाबळेश्वरला उगम पावून ती सह्याद्रीच्या मुख्य रांगेला खेटून सरळ दक्षिणेला वाहत जाते, पासष्ट-एक किलोमीटर. हेळवाकला आली की एकदम काटकोनात वळून पूर्वेची वाट धरते आणि कऱ्हाडला कृष्णेच्या गळ्यात पडते. म्हणजे पश्चिमेला सह्याद्रीची धार, पूर्वेला दुसरी डोंगररांग, आणि दोहोंच्या मध्ये एक लांबट, अरुंद, पावसाने झोडपलेला पन्हळ. पाऊसही कसा, तर वरच्या अंगाला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास. बाहेरच्या माणसाने आत शिरायचे तर घाटावाचून मार्ग नाही, आणि घाट अडवायला मूठभर माणसे पुरतात.

जावळीच्या मोऱ्यांचे बळ ते हेच. आदिलशाहीचे नाममात्र चाकर, पण खोऱ्यात स्वतः राजे. शिवाजीमहाराजांना मोऱ्यांनी उर्मट जबाब पाठविल्याच्या कथा बखरींतून येतात, त्यातला मसाला बाजूला ठेवला तरी १६५६ च्या जानेवारीत महाराजांनी जावळी घेतली ही गोष्ट पक्की. पुढे वासोटाही आला. तीनच वर्षांनी, १६५९ च्या नोव्हेंबरात, अफझलखान याच खोऱ्याच्या माथ्यावर, कोयनेकाठच्या पार गावाजवळ येऊन उतरला, आणि पुढे काय झाले ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. जावळी हाती नसती तर प्रतापगड नसता आणि खानाला तसल्या जागी खेचून आणताही आले नसते. पारजवळ कोयनेवर एक जुना दगडी पूल आहे. तो शिवकालातला म्हणून दाखवितात आणि तो अजून वापरात आहे. कधी गेलात तर प्रतापगडाच्या गर्दीतून अर्धा तास काढून तो पाहून या.

वासोटा हा मात्र लढाईचा किल्ला कमी आणि कोठडीचा जास्त. एका अंगाला कोकणात तुटलेले कडे, दुसऱ्या अंगाला दाट रान, पळणार कुठे? १६६१ साली राजापूरच्या वखारीतले जे इंग्रज महाराजांनी धरले, त्यांना आधी येथे ठेविले, मग दुसऱ्या किल्ल्यांवर हलविले. ते सुटले १६६३ मध्ये. पुढे पेशवाईच्या अखेरीस ताई तेलिणीचे प्रकरण झाले. औंधच्या परशुरामपंत प्रतिनिधींना दुसऱ्या बाजीरावाने कैदेत टाकले, तेव्हा त्यांच्या या तेलीण जातीच्या सखीने वासोटा बळकावला, प्रतिनिधींची सुटका केली आणि पेशव्यांच्या सेनापतीशी, म्हणजे साक्षात बापू गोखल्यांशी, काही महिने झुंज दिली. लोकांनी त्यावर एक वात्रट चुटका रचला आणि तोच काय तो आपल्या लक्षात राहिला. एका बाईने किल्ला लढविला याचे कौतुक करायचे सोडून बापूंच्या फजितीला हसत बसण्याची ही आपली रीत मला कधी फारशी रुचली नाही.

शेवटचा अंक १८१८ चा. बाजीरावाने छत्रपती प्रतापसिंहांच्या घरच्या मंडळींना वासोट्यावर ठेविले होते. हैदराबादेकडून पुण्याला येताना पकडलेले हंटर आणि मॉरिसन हे दोन तरुण इंग्रज अधिकारीही तेथेच बंदीत होते. फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. मग जनरल प्रिट्झलर तोफा घेऊन या रानात शिरला. समोरच्या जुन्या वासोट्यावरून मारा सुरू झाला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात किल्ला पडला. तोफा वर चढवायच्या तर रानातून वाट पाडावी लागे. आजचा प्रवासी लाँचमधून उतरतो ते ठिकाण मेट इंदवली. मेट म्हणजे किल्ल्याच्या वाटेवरची पहाऱ्याची चौकी. चौकी गेली, शब्द तेवढा गावाच्या नावात राहिला. आणि अलीकडे गावही उठले.

ते कसे उठले? हेळवाकजवळ कोयना वळते त्या जागेपासून कोकण सरळ खाली, जवळजवळ पाचशे मीटर खाली आहे. पूर्वेला वाहणारी ही नदी पोफळीकडे, पश्चिमेला लोटून दिली तर केवढी वीज होईल, हा हिशेब विसाव्या शतकाच्या सुरुवातीसच टाटा कंपनीच्या माणसांनी मांडून ठेविला होता. युद्धे आली, मंदी आली, कागद फडताळात राहिले. योगायोग असा की चीनचे नेते सुन यत्-सेन यांनी यांगत्सेच्या घळयांत धरण बांधण्याची कल्पना १९१९ मध्ये लिहून ठेविली. दोन नद्या, दोन देश, स्वप्न एका सुमाराचे. आपण ते चाळीस-एक वर्षे आधी उतरविले, एवढाच फरक. १९५४ मध्ये काम सुरू झाले, १९६२ मध्ये वीज वाहू लागली. धरणाची उंची १०३ मीटर, आणि आज साठा १०५ अब्ज घनफुटांच्या वर. वीजघर डोंगराच्या पोटात. वीज करून झालेले पाणी वाशिष्ठीत जाऊन चिपळूणच्या खाडीला मिळते. कृष्णा लवादाने या पश्चिमेकडच्या पाण्यावर वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफुटांची मर्यादा घातली, कारण ते पाणी मुळात कृष्णेचे. १९९९ साली तर तलावाच्या तळालाच खालून भोक पाडून पाणी बोगद्यात घेतले. २०१२ मध्ये पुन्हा एकदा. आज सारे टप्पे मिळून जवळपास दोन हजार मेगावॉटची ताकद आहे. महाराष्ट्राचे कारखाने या विजेवर उभे राहिले, यात शंका नाही, आणि ते नाकारण्याचे मला कारणही नाही.

पण इतिहासाच्या माणसाने दुसरी वहीही उघडायला हवी. कोयनेची गावे उठली तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. पहिला कायदा झाला १९७६ मध्ये, म्हणजे पाणी अडल्यावर चौदा-पंधरा वर्षांनी! जमीन घेतली ती १८९४ च्या इंग्रजी कायद्याने: इतकी जमीन, इतका दर, हे तुमचे पैसे, आता निघा. नाचणी-वरीची डोंगरी शेती करणाऱ्या माणसाला रोख पैशाचे काय करायचे ते कुठे माहीत? कोणी सोलापूरकडे गेले, कोणी सांगलीकडे, कोणी रत्नागिरी, रायगड, ठाण्याकडे. पाच हजार मिलिमीटर पावसातली माणसे पाचशे मिलिमीटरच्या माळावर नेऊन बसविली. जे शेजारी एका वाडीत नांदले त्यांची नातवंडे आज चार जिल्ह्यांत विखुरली आहेत. आणि कितीकांचे जमिनीचे दावे तिसऱ्या पिढीपर्यंत चालत आले. बाकीचे मुंबईला गेले. जावळी-पाटणची माणसे मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहायला आधीपासूनच जात. धरणाने ती वाट रुंद केली.

पुण्यालाही त्यातले काही आले. मार्केट यार्डातल्या भुसार विभागात एका गाळ्यावर एक वृद्ध गृहस्थ तोलणाराचे काम करीत. वर्षाची ज्वारी-गहू तेथून नेताना ओळख झाली. एकदा सहज विचारले, “बाबा, गाव कोणतं?” ते काटा पाहत म्हणाले, “गाव पाण्यात.” नाव नाही सांगितले आधी, हे सांगितले. मग बोलले थोडे. गाव सोडले तेव्हा वय आठ. देव तेवढा काढून आणला, तोही पाऊस लागायच्या आत, घाईघाईने. “घराचं वासं बी बापानं काढून आणलं. पर ते लावायला जागा मिळंपत्तर कुजलं.” मी म्हटले, आता तिथे लाँचा फिरतात, तुम्ही पुन्हा गेलात का कधी? गेले होते, एकदा, नातवाबरोबर. नातू फोटो काढीत होता. हे लाँचवाल्याला विचारीत होते, इथं खाली किती खोल असंल?

लाँचची गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. ती सहलीसाठी आली नाही. धरणाच्या आधी पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातला माणूस कोयना ओलांडून चालत बाजाराला यायचा. पाणी चढले आणि मागे राहिलेल्या वाड्यांची वाट बुडाली. मागे सह्याद्री, पुढे तळे. मग नाव हाच रस्ता. अडलेली बाळंतीण नावेतून, सर्पदंश झालेला नावेतून, नवरा-नवरी नावेतून, आणि जीप न्यायची तर तराफ्यावरून. पावसाळ्यात धुके आणि वारा असला की तेही बंद. प्रवाशांची हौस त्यावर नंतर आली आणि तिने काही घरांत चार पैसे आणले, हे चांगलेच झाले. बामणोली-तापोळ्याचे नाववाले बहुतेक त्याच खोऱ्यातले आहेत. भाडे ठरविताना घासाघीस करणाऱ्या आमच्या पुणेरी मंडळींनी एवढे लक्षात ठेवावे, की आपण ज्यांच्याशी घासाघीस करतो आहोत त्यांच्या आजोबांचे शेत बहुधा आपल्या लाँचखालीच आहे.

खोऱ्याने आणखी एक घाव सोसला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, साडेचारच्या आत, कोयनानगर हादरले. भूकंपाची तीव्रता साडेसहाच्या आसपास. पावणेदोनशेच्या घरात माणसे दगावली, घरे तर हजारोंनी पडली. धरण उभे राहिले. दख्खनचे पठार हे जुने, स्थिर, येथे मोठा भूकंप व्हायचा नाही, असे तोवर मानीत. तळ्याच्या पाण्याने भूकंप होतो काय, हा प्रश्न त्या दिवसापासून जगभर कोयनेचे नाव घेऊन विचारला जातो. चीनमध्ये शिनफेंगच्यांग धरणाजवळ १९६२ मध्ये असाच एक धक्का बसला होता. कोयनेचा त्याहून मोठा. आज कऱ्हाडला यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे आणि तिने तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून खडक तपासला आहे. जमीन अजूनही अधूनमधून हलतेच. तेथील माणसे पातेल्यांच्या आवाजावरून धक्का लहान की मोठा ते सांगतात.

१९८५ मध्ये खोऱ्याचे अभयारण्य झाले, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प, २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव. रान वाचले, ही मोठीच गोष्ट. पण ज्या थोड्या वाड्या पाण्याच्या वर तगल्या होत्या त्यांना आता रानाच्या नावाने उठावे लागले. मेट इंदवली त्यांतलीच. वासोट्याला जाताना झाडीत जोती दिसतात, एखादे तुळशीवृंदावन दिसते. प्रवासी त्यांना किल्ल्याचे अवशेष समजून फोटो घेतात. ते किल्ल्याचे नव्हेत. तिथे परवापरवापर्यंत चुली पेटत होत्या.

तुम्हाला जायचे असेल तर पावसाळ्याचे महिने सोडून जा. त्या दिवसांत वासोट्याची वाट बंदच असते. मुक्काम करू देत नाहीत, सूर्य मावळायच्या आत लाँच परत फिरते. बाबूकड्यावरून कोकण पाहून घ्या, तसा कडा यांगत्सेवरही क्वचितच असेल. बहुतेक लोक दिवाळीनंतर जातात, कारण तेव्हा तळे तुडुंब असते आणि फोटो चांगले येतात. मी सांगेन, एकदा मे महिन्यात जा. पाणी खूप उतरलेले असते. काठच्या लाल मातीत, उतारावर एकाखाली एक, बांधांच्या रेषा दिसू लागतात. कोणाची ताल कुठवर होती, पाऊलवाट कुठून नदीला जात होती, ते जाणत्या नाववाल्याला विचारले तर तो वल्ह्याच्या टोकाने दाखवितो.