मुलांच्या लघवीत रक्त : चयापचयातील दोषही कारणीभूत

महाराजपूर (जबलपूर) : मुलांच्या लघवीत रक्त आढळल्यास संसर्ग, मूत्रपिंडदाह वा मुतखड्याची शंका प्रथम घेतली जाते. ही कारणे न सापडल्यास चयापचयातील दोष तपासणे आवश्यक ठरते.

यांपैकी सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे लघवीवाटे जादा कॅल्शियम जाणे. २४ तासांत दर किलो वजनामागे ४ मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम गेल्यास ते जादा समजतात. त्याचे सूक्ष्म स्फटिक मूत्रनलिकांच्या अस्तराला इजा करतात आणि खडा नसतानाही रक्त येते, असे मानले जाते. युरिक आम्ल वाढल्यानेही असे घडू शकते. सिस्टिन्युरिया व प्राथमिक हायपरऑक्झॅल्युरिया हे दोष दुर्मीळ आणि आनुवंशिक आहेत; दुसऱ्यात मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका असतो. त्यामुळे कुटुंबातील मुतखड्याचा इतिहास डॉक्टरांना अवश्य सांगावा.

निदानासाठी २४ तासांची लघवी तपासतात. लहान मुलांत ती जमवणे अवघड असल्याने एकाच नमुन्यातील कॅल्शियम-क्रिएटिनिन गुणोत्तर पाहतात. सोबत सोनोग्राफी केली जाते.

पुरेसे पाणी आणि कमी मीठ हा उपचारांचा पाया आहे. पारा ४० अंशांपुढे जाणाऱ्या जबलपूरच्या उन्हाळ्यात पाण्याकडे विशेष लक्ष हवे. दूध मात्र परस्पर बंद करू नये; आहारातील कॅल्शियम घटल्यास ऑक्झॅलेटचे शोषण वाढते व हाडांच्या वाढीला बाधा येते.

बीट किंवा रिफाम्पिसिन या औषधानेही लघवी लालसर होते. चेहऱ्यावर सूज, चहासारखा रंग, ताप वा लघवी कमी होणे ही लक्षणे दिसल्यास तातडीने डॉक्टरांकडे जावे.