वही कोणाच्या हाती?

आदिलाबाद जिल्ह्यातल्या जोडेघाटच्या डोंगरात 1940 साली गोंडांचा पुढारी कोमरम भीम पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला, आणि गोंड का पेटून उठले हे शोधण्याचे काम निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे सोपवले. मारलवाई या गोंड खेड्यात पत्नी बेट्टीसह मुक्काम ठोकून त्याने जे पाहिले, त्याचा गाभा कागदात होता. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन राखीव जंगलाच्या रेषेत गेली होती, नाहीतर बाहेरून आलेल्यांच्या नावे चढली होती. जमिनीच्या पट्ट्यावर काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नव्हते, त्याला तो गमावल्याचे कळायलाही उशीर होई. म्हणून 1943 मध्ये मारलवाईत गोंड शिक्षक घडवणारे केंद्र निघाले. गोंडी भाषेची क्रमिक पुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण या मुलखात लिहिण्याचा व्यवहार मराठीच्या वळणाचा होता. पुढे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेल्या सेतुमाधवराव पगडींनीही हैदराबादचे अधिकारी म्हणून याच भागात काम केले आणि गोंडीचे व्याकरण लिहिले. आदिलाबादेत बाहेरून आलेल्या माणसाच्या मदतीचे मोल ठरवायचे झाले, तर माझ्या मते एकच कसोटी पुरते: त्याने आपल्या हातातली लेखणी कोणाच्या हाती दिली आणि किती लवकर दिली.

त्या कसोटीला मारलवाईचा प्रयोग उतरतो, पण अर्धाच. लेखणी गोंडांच्या हाती आली, गोंड स्त्रियांच्या नाही. शिक्षक, पटवारी, वनरक्षक या नेमणुका पुरुषांच्या, आणि नव्याने मिळालेले पट्टेही मुख्यतः पुरुषांच्याच नावे. (मारलवाईत हायमेंडॉर्फ दांपत्याची समाधी आहे, तिथे आजही लोक जमतात. कृतज्ञता खरीच, पण उपकारकर्त्याचे स्मारक उभे राहिले म्हणजे काम तडीस गेले असे होत नाही.) हे काम टिकलेही नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर कारभाराची आणि शाळेची भाषा तेलुगू झाली, गोंडी पुस्तके मागे पडली, जमिनी पुन्हा निसटू लागल्या. 20 एप्रिल 1981 रोजी इंदरवेल्लीत जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला तो याच जुन्या दुखण्यापायी.

त्याच्या पुढच्याच वर्षी ‘ड्वाक्रा’ ही ग्रामीण स्त्रिया व मुलांसाठीची केंद्राची योजना सुरू झाली आणि आरंभीच्या जिल्ह्यांत आदिलाबादचा समावेश झाला. दहा-पंधरा बायकांचा गट, थोडे सरकारी भांडवल, शिवण किंवा शेळ्यांसारखा जोडधंदा असा तिचा आराखडा. गट झाले, पण ग्रामसेविका फिरकली नाही की बैठक होत नसे, कारण वही तिच्या पिशवीत असे. 1991 च्या जनगणनेत आंध्र प्रदेशात तीनांतली जेमतेम एक स्त्री साक्षर होती आणि आदिलाबाद राज्याच्या सरासरीहूनही मागे होता. वळण आले ते नेल्लूरकडून. तिथल्या साक्षरता वर्गातला दारूवरचा धडा वाचून दुबगुंटा गावच्या बायकांनी अरकाचे दुकान बंद पाडले, आंदोलन राज्यभर पसरले आणि 1993 साली अरकावर बंदी आली. दारूतून वाचलेला रोजचा एक रुपया गटात टाकायची चाल तिथूनच पडली. सन 2000 मध्ये जागतिक बँकेच्या पैशावर ‘वेलुगु’ प्रकल्प सहा जिल्ह्यांत आला, त्यांतही आदिलाबाद होता. गावात संघम म्हणजे बायकांचे बचतगट, गावाचा ग्रामैक्य संघम, वर मंडल समाख्या, असा उतरंडीसारखा डोलारा उभा राहिला. हिशेब लिहिणारी व्यक्ती गावातलीच असावी आणि तिचा मोबदला संघमनेच द्यावा, हा माझ्या दृष्टीने त्यातला सर्वांत मोलाचा नियम.

यावर पहिला आक्षेप असा की वहीला एवढे महत्त्व कशाला? आपल्याकडची भिशी तोंडी हिशेबावर चालत आली आहे. नायजर देशातल्या मरादी भागात 1991 साली सुरू झालेले ‘माता मासू दुबारा’ हे बायकांचे बचतगट तर निरक्षर बायकांनी स्मरणावर चालवले. प्रत्येकीने शेजारणीची रक्कम लक्षात ठेवायची, की चूक राहत नाही. उदाहरण खरे आहे, आणि बाहेरच्याने जाऊन अक्षर शिकवल्यावाचून काही होत नाही या अहंकाराला चांगले उत्तरही आहे. पण त्या गटांत पैसा बायकांचाच फिरत होता. बँकेचे कर्ज, सरकारी व्याजसवलत, जमिनीचा सातबारा किंवा पट्टा यांची गाठ पडली की समोरचा पक्ष कागद घेऊन येतो, आणि स्मरण तिथे पुरावा म्हणून चालत नाही. गोंडांनी हे 1940 च्या आधीच भोगले होते.

दुसरा आक्षेप जास्त बोचणारा आहे. संघम ही लोकांची चळवळ नव्हेच, सरकारने वरून रचलेली कर्जवसुलीची सोय आहे, असे म्हणणारे 2010 कडे बोट दाखवतात. खासगी सूक्ष्मवित्त कंपन्यांनी याच तयार गटांभोवती कर्जाचा सापळा विणला, आत्महत्या झाल्या, आणि त्या ऑक्टोबरात राज्याला त्यांना लगाम घालणारा अध्यादेश काढावा लागला. आक्षेपातले निम्मे मला मान्य आहे: रचना वरूनच आली. मात्र त्या कंपन्यांचे हप्तापुस्तक कंपनीचा माणूस भरत होता. व्याज किती, मुद्दल किती, हे संघमच्या वहीत लिहिले जात होते तसे त्यात बायकांच्या हाताने लिहिले जात नव्हते. कर्ज दोन्हीकडे होते, नोंद करणारा हात वेगळा होता.

त्या हाताचा पुढचा प्रवास पाहण्यासारखा आहे. जुन्या संघममधल्या, कर्ज फेडून सावरलेल्या बायका ‘सीआरपी’ (कम्युनिटी रिसोर्स पर्सन) म्हणून शेजारच्या गावी जाऊ लागल्या. पंधरा-पंधरा दिवस तिथेच राहायचे, गट बांधायचे, वही लिहायला शिकवायचे आणि निघायचे. 2011 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान सुरू झाल्यावर आंध्रातल्या अशा बायका बिहारपासून महाराष्ट्रापर्यंत गेल्या. वर्ध्यात महाराष्ट्राच्या ‘उमेद’ अभियानाने त्यांच्याकडून शिकलेल्या स्थानिक बायकांना ‘वर्धिनी’ म्हटले, आणि मग त्या वर्धिनी दुसऱ्या जिल्ह्यांत फेऱ्या करू लागल्या. स्वयंसेवक म्हटले की शिकलेला, दूरचा, सुखवस्तू माणूस डोळ्यांपुढे येतो. इथे ती जागा कालच्या कर्जदार बाईने घेतली.

आदिलाबादचा पेच मात्र भाषेत अडकून आहे. घरी गोंडी, कोलामी किंवा मराठी आणि वही तेलुगूत, अशी स्थिती पैनगंगेकाठच्या कितीतरी गावांत आहे. त्यात आता हिशेब मोबाइलवर भरायची पद्धत आली. बैठकीत वही मोठ्याने वाचली जाई तेव्हा न शिकलेल्या बाईलाही आपला आकडा ऐकू येई. पडद्यावरचा आकडा तिच्याआधी मंडल कार्यालयाला दिसतो.