गावाचा रकाना

आप्पांची वही मुळात ताक्यांच्या हिशेबाची. यंत्रमागाच्या कारखान्यात कोणत्या मागावर किती मीटर निघालं ते लिहायला असते तसली, लांबट, लाल कापडी बांधणीची. शेठने नवी वही काढली की जुनीची कोरी पानं आप्पा मागून आणायचे आणि सुईदोऱ्याने शिवायचे. त्यात रकाने पाच: नाव, वय, वजन, गाव, पाळी. माझे आजोबा सुरतेच्या लिंबायतमध्ये कबड्डीचा संघ चालवायचे, आणि तो संघ मैदानाच्या आधी या वहीत उभा राहायचा.

पाळीचा रकाना का, हे मला लहानपणी कळत नसे. सुरतेच्या मागांवर पाळी बारा तासांची. घर म्हणजे एक खोली. बाप रातपाळीला असला की दिवसा तो खोलीत झोपणार, म्हणजे पोरगं बाहेर, म्हणजे संध्याकाळी मैदानावर हजर. बाप दिवसपाळीला गेला की पोराकडे डब्याची नाहीतर धाकट्या भावंडांची जबाबदारी. पंधरवड्याने पाळी फिरली की आप्पांचा डावा कोपरा बदलायचा. स्पर्धेच्या तारखा कळल्या की आप्पा आधी पाळ्यांचा हिशेब मांडत, मग संघ. मोठी माय, म्हणजे माझी आजी, म्हणायची, "लग्नाचे मुहूर्तसुद्धा एवढे बघत नाहीत."

आप्पा सुरतेला आले ते १९७२ च्या दुष्काळात, भुसावळ-सुरत पॅसेंजरने. गाव नंदुरबार तालुक्यातलं. आप्पांचा जन्म झाला तेव्हा जिल्ह्याचं नाव पश्चिम खानदेश. ते गाव सोडून निघाले तेव्हा धुळे. आणि १९९८ साली नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. गाव होतं तिथंच राहिलं, जिल्हे मात्र तीन झाले. इकडे सुरतेचंही तेच. १९६४ साली सुरतेतून वलसाड निघाला, १९९७ साली वलसाडातून नवसारी, आणि २००७ साली व्यारा-सोनगडचा मुलूख तोडून तापी जिल्हा केला. कबड्डीच्या माणसाला ही राजपत्रातली बातमी राहत नाही. व्याऱ्याकडची आदिवासी मुलं, पायांत वाऱ्यासारखी, कालपर्यंत जिल्ह्याच्या संघात आपल्या शेजारी उभी असायची. पुढच्या निवडीला ती समोरच्या अंगणात! आप्पांना याचं फार वाईट वाटलं होतं. "आमचा उजवा कोपरा सरकारने नेला," म्हणायचे.

आप्पा गावाकडे हुतूतू खेळलेले. सुरतेत आल्यावर वेगवेगळ्या गावांची पोरं एकत्र आली तेव्हा पहिली दोन वर्षं खेळण्यापेक्षा भांडणातच गेली. बाद झालेला गडी परत जिवंत होतो की नाही? एका गावात व्हायचा, दुसऱ्यात सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचा, तिसऱ्यात बाद होऊनही खेळतच राहायचा, नुसता गुण मोजायचे. संजीवनी, गामिनी आणि अमर अशी या प्रकारांना नावं आहेत, हेही पोरांना ठाऊक नव्हतं. प्रत्येकाला आपल्या पारावरचा खेळ तेवढाच खरा वाटे.

त्या भांडणात मास्तर आले. आप्पा त्यांना कधी नावाने बोलले नाहीत, म्हणून मीही मास्तरच म्हणते. गायकवाडी मुलखात, नवसारीकडे, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, आणि गोपीपुऱ्यात भावाकडे राहायला आलेले. तरुणपणी बडोद्याला जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली घडलेले. एका संध्याकाळी ते फिरत फिरत आले, कडेला उभे राहिले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "पोरांनो, हे भांडण पन्नास वर्षांपूर्वी मिटलंय."

मग त्यांनी सांगितलेली गोष्ट आप्पांनी मला इतक्यांदा सांगितली आहे की मास्तरांचा आवाज मी ऐकलेला नाही हे मला खरं वाटत नाही. १९२३ साली हुतूतूचे नियम छापले गेले आणि त्याच वर्षी बडोद्याला हिंदविजय जिमखान्याने त्या नियमांवर अखिल भारतीय सामने भरवले. मास्तर तेव्हा शाळकरी. त्यांच्या लेखी बडोदं म्हणजे व्यायामाची काशी. माणिकरावांकडे शिकलेल्या पुराणी बंधूंनी पुढे गुजरातभर आखाडे काढले; बडोद्यातच द. चिं. मजुमदारांचा दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश निघाला. मराठी माणसाने गुजरातेत काय केलं असं कोणी विचारलं की लोक शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० साली सुरतेवर केलेल्या स्वाऱ्यांपाशी थांबतात. आप्पा मात्र बडोद्याची छापील नियमावली सांगायचे. मीसुद्धा तीच सांगते. लाठीकाठीच्या, मल्लखांबाच्या त्या पिढीने गावोगावच्या अंगणातला खेळ उचलला आणि कुठलाही संघ कुठल्याही संघाशी खेळू शकेल असा केला, हे मला लहान काम वाटत नाही. पुढे १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली. या सगळ्याच्या मुळाशी कुणीतरी एका संध्याकाळी बसून ठरवलेलं आहे, की बाद गडी केव्हा उठेल.

मास्तरांनी आणखी एक सवय लावली. सामना झाला की गुणपत्रक ज्याच्या-त्याच्यापुढे वाचायचं आणि हरलेल्या कप्तानाची सही आधी घ्यायची.

साहित्य सगळं सुरतेचं होतं. मैदान आखायला फक्की विकत घ्यायचे पैसे नसत, म्हणून साड्यांच्या काठाच्या कापून टाकलेल्या पट्ट्या आणून जमिनीत खिळ्यांनी ठोकायच्या. मध्यरेषा, निदानरेषा, राखीव पट्टी, सगळं रंगीबेरंगी. वजनाला सुताच्या गोदामातला काटा. किशोर गटाला वय सोळाच्या आत, आणि वजनालाही मर्यादा. काट्यावर उभं राहण्याआधी पोरं केस कापून यायची. एकदा एक चढाईपटू अर्धा किलो जास्त भरला. आप्पांनी त्याला दोन सदरे चढवून उन्हात उधना स्टेशनापर्यंत पळवत नेला आणि पळवत आणला. वजन उतरलं, पण सामन्यात त्याचा दम दुसऱ्याच चढाईला तुटला. आप्पांनी त्यानंतर कोणाला असं पळवलं नाही. ती गोष्ट सांगताना ते दर वेळी थोडे थांबत.

वयाची अडचण वजनापेक्षा मोठी. गावच्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजे तारीख टाकलेली, आणि ती तारीख बहुतेक १ जून. आमच्या वहीतल्या एका पानावर बारांपैकी नऊजण १ जूनला जन्मलेले आहेत! निवडीच्या टेबलामागे बसलेल्या माणसाने असा गठ्ठा पाहिला की त्याला लबाडीच वाटणार. आप्पा समजावत. कधी पटे, कधी नाही.

पण खरं दुखणं चौथ्या रकान्याचं. क्लब जिल्ह्याच्या अजिंक्यपदाला उतरतात, त्या सामन्यांतून निवड समिती जिल्ह्याचा संघ काढते, शिबिर होतं, मग राज्य स्पर्धा. या शिडीची पहिली पायरी म्हणजे तुम्ही कोणत्या जिल्ह्याचे. माझ्या वडिलांच्या वेळी संघातल्या एका मुलाचं नाव राज्याच्या वाटेवर असताना कागदावरून परतलं: शाळेचा दाखला महाराष्ट्रातला. त्याला गावाकडे पाठवलं, तर तिथल्या टेबलावर सांगितलं, तू राहतोस सुरतेत, इथून कसा खेळशील? दोन्ही ठिकाणची माणसं नियमानेच बोलत होती. त्या वर्षी तो कुठूनच खेळला नाही. आप्पा दर वर्षी पोरांना घेऊन गावच्या जत्रेतल्या स्पर्धेला जात. तिथं ध्वनिक्षेपकावरून पुकारा व्हायचा, "सुरतवाल्यांनी मैदानात यावं." आणि सुरतेत आम्ही महाराष्ट्रवाले.

वाटेत नवापूर लागतं. १९६० साली राज्यं वेगळी झाली आणि सीमारेषा नेमकी या स्टेशनातून गेली. फलाटावर एक बाकडं आहे, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, आणि तसं त्याच्यावर रंगवलेलं. जत्रेला जाताना पोरं तिथं उतरून बाकड्याच्या एका टोकाकडून "कबड्डी कबड्डी" करत दुसऱ्या टोकाला जाऊन शिवायची आणि गार्डची शिटी झाली की उड्या मारून डब्यात. मी सातवीत असताना एकदा आप्पांबरोबर गेले. मुलीने उतरायचं नाही म्हणून मला खिडकीत बसवलं होतं. मी आज माझ्या संघातल्या मुलींना घेऊन जाते तेव्हा नवापूरला सगळ्यांना उतरवते.

१९९४ च्या सप्टेंबरचं पान कोरं आहे. प्लेगची बातमी फुटली तशी अख्खी वस्ती मिळेल त्या गाडीने निघून गेली. आप्पाही गेले, पण वही बरोबर घेऊन गेले. गावात बसून त्यांनी एकेका पोराचा माग काढला, कोण दोंडाईच्याला, कोण अमळनेरला, कोण शिरपूरकडे मामाच्या घरी. दिवाळीनंतर नावापुढे बारीक टिंब दिसतं: आला. दोघांपुढे टिंब नाही. ते शेतीवरच राहिले, असं मोठी माय सांगायची. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचं पाणी शहरात शिरलं तेव्हा हीच नावं बोटींवर आणि गच्च्यांवर दुधाच्या पिशव्या पोहोचवत होती. तेव्हा वही नव्हती कोणाच्या हातात, पण कोण कुठल्या गल्लीत राहतो हे आप्पांना पाठ होतं.

माझी एक जुनी खेळाडू नर्स होऊन आयर्लंडला गेली. तिचा मुलगा तिथं हर्लिंग खेळतो. अ‍ॅश लाकडाची काठी आणि चामड्याचा लहान चेंडू घेऊन पंधरा-पंधरा जणांत खेळायचा हा त्यांचा फार जुना खेळ. तोही आपल्यासारखाच गावागणिक वेगळा होता. १८८४ साली थर्ल्स गावात मायकेल क्युसॅक नावाच्या शाळामास्तराने आणि त्याच्या सोबत्यांनी संघटना काढली आणि नियम बांधले. मास्तरांना हे कळलं असतं तर ते किती खूश झाले असते! तिथं चर्चचा परिसर म्हणजे पॅरिश, तो क्लब. क्लबांतून निवडून जिल्ह्याचा, म्हणजे काउंटीचा संघ. आणि काउंटीकडून खेळणाऱ्याला खेळाचा पगार नाही. पोटासाठी देश सोडलेल्यांची त्यांना एवढी सवय, की लंडनलाही ते एक काउंटी धरतात. १९७१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांचा त्यांचा एक मेळावा भरायचा, त्यात पाहुणी पोरं यजमान क्लबच्या घराघरांत उतरायची. हे ऐकून मला आमच्या जत्रेच्या रात्री आठवल्या. प्रत्येक घरात दोन सुरतवाले वाटून दिलेले, आणि सकाळी सामन्याला जाताना ज्याच्या घरी कळण्याची भाकर आणि ठेचा मिळाला त्याच्याविरुद्ध पकड करायची. तिने फोनवर सांगितलं, "मॅडम, नाव घालताना त्यांनी आमचा देश नाही विचारला. राहता कुठं, तेवढं विचारलं." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ वही घेऊन बसले.

मी सुरतेतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. या शहराची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू, इंग्रजी इतक्या भाषांत शाळा चालवते. मागांवर कुठून कुठून माणसं आली ते या यादीवरूनच समजावं. २०१० पासून खेल महाकुंभ सुरू झाला आणि पोरांना शिडीवर चढायला एक सरळ पायरी मिळाली. सुरत शहर वेगळं, सुरत ग्रामीण वेगळं. नोंदणी संगणकावर, आधार कार्डाने. कुठला दाखला, हा वाद बराच कमी झाला. प्रो कबड्डी दूरदर्शन संचावर दिसू लागल्यापासून मुलं चढाईला पायांच्या नव्या हालचाली करतात, दम कोणी धरत नाही, तीस सेकंदं मोजतात. मला त्याचं दुःख नाही. मला काळजी मुलींची असते. आठवीपर्यंत येतात, नववीत घरचे बंद करतात. त्यासाठी मी घरोघर जाते, आणि जाताना पाळी विचारून जाते, म्हणजे बाप झोपलेला नसेल.

आप्पा गेल्यावर वह्या माझ्याकडे आल्या. मी गावाचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचत गेले. कोपर्ली, रनाळे, शनिमांडळ, सारंगखेडा, बेटावद. पोरगं सुरतेत जन्मलेलं असलं तरी रकान्यात बापाचं गाव. वर्षानुवर्षं तसंच. मग १९८९ च्या एका पानावर, एका नावापुढे आप्पांनी आपलं गाव लिहिलं आहे, त्यावर काट मारली आहे, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं आहे: लिंबायत. ते नाव माझ्या धाकट्या काकांचं. त्याच्या खाली पुढच्या पोरापुढे पुन्हा गाव, मग दोन लिंबायत, मग डिंडोली, मग एक गाव.

काकांना मी विचारलं. त्यांना काही आठवेना. "त्या वर्षी मी जिल्ह्यात निवडलो गेलो होतो," एवढंच म्हणाले.

काल चौदा वर्षांखालच्या मुलींचं वजन होतं. काटा अजून सुताच्या गोदामातलाच आणते, फक्त आता आकडे दिसणारा. संगणकात जे भरायचं ते भरते, पण लाल वही मी सोडलेली नाही. पांडेसऱ्याहून आलेली एक ओडिया मुलगी काट्यावर उभी राहिली, एकेचाळीस किलो दोनशे. हिंदी-मराठी मिसळून तिने विचारलं, "मॅडम, गाव कौनसा लिखू? बाबा का गंजाम है. मैं तो इथेच."

"तुला काय लिहायचंय?"

तिने पेन माझ्या हातातून घेतलं, थोडी थांबली, आणि दोन्ही लिहिलं. रकान्यात मावलं नाही, शेवटची अक्षरं पाळीच्या रकान्यात गेली.

"बाबांची पाळी?"

"रात."

तेही तिथंच, उरलेल्या जागेत लिहिलं, आणि पुढच्या मुलीला काट्यावर घेतलं.