ब्राउझरने आपल्या वतीने काय बोलावं?

मौन म्हणजे संमती, हा न्याय आपल्याकडे बैठकीपासून सोसायटीच्या सभेपर्यंत चालतो. इंटरनेटनंही तो बरीच वर्षं चालवला.

१९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी कुकी तयार केली. टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर गेल्यावर साइट विसरून जायची, म्हणून ब्राउझरकडे ठेवलेली ही एक चिठ्ठी. पुढे जाहिरात कंपन्या त्याच चिठ्ठीच्या आधारे आपला माग काढू लागल्या. आपण गप्प होतो, म्हणजे हरकत नाही, असं धरलं गेलं.

युरोपनं २००९ मध्ये नियम बदलला : आधी विचारा. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, आधीच टिक करून ठेवलेली चौकट ही संमती नाही. म्हणजे मौनाचा अर्थ आता ‘नाही’. मग साइट्सनी ‘स्वीकारा’चं बटण ठळक केलं आणि नकार तीन पडद्यांमागे लपवला. पिंपळे सौदागरहून हिंजवडीला जाऊन युरोपच्या ग्राहकांचं काम करणाऱ्यांना या चौकटी चांगल्याच ओळखीच्या आहेत.

मग उत्तर ब्राउझरनंच द्यावं की! तसा प्रयत्न झाला. ‘डू नॉट ट्रॅक’ नावाचा संदेश ब्राउझर प्रत्येक साइटला पाठवायचा. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो नव्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आपणहून चालू ठेवायचं ठरवलं, तेव्हा जाहिरातदार म्हणाले, हे वापरणाऱ्याचं मत नाही, तुमचं आहे. तो संदेश ऐकण्याची कायदेशीर सक्ती जवळपास कुठेच नव्हती. २०१९ मध्ये त्याचं मानक ठरवणारा गट गुंडाळला गेला.

तरी एक फरक उरतोच. जिथे मौन म्हणजे नकार, तिथे ब्राउझरनं ‘नाही’ म्हटलं तर तो आपल्या तोंडी नवं काही घालत नाही. ‘हो’ म्हटलं तर घालतो. २०२३ च्या अखेरीस फायरफॉक्सनं जर्मनीत खासगी विंडोमध्ये अशा चौकटींना परस्पर नकार द्यायला सुरुवात केली, ती याच बाजूनं.

आपल्याकडे हा प्रश्न न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनं २०१८ मध्येच मांडला होता. मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला माहीत असलेले हेच ते न्यायमूर्ती. सतत विचारलं की माणूस थकून काहीही दाबतो, हे त्यांच्या अहवालात आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात ‘संमती व्यवस्थापक’ आला : दिलेल्या संमती एका जागी पाहायच्या, हव्या तेव्हा मागे घ्यायच्या. संमतीची विनंती मराठीत वाचण्याचा पर्यायही कायद्यानं दिला आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत.

म्हणजे ही यंत्रणा अजून बांधली जायची आहे, आणि बांधणारे बरेचसे आपल्यातलेच असतील. त्यांनी एवढंच पाळावं : नकार यंत्रावर सोपवता येतो, होकार नाही. तो माणसानं स्वतः, वाचून द्यायचा असतो.