रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पिंगळा बोलला की आमची आजी हातातले काम थांबवून कानोसा घ्यायची. तो कुठल्या दिशेला बोलला, यावरून शुभ-अशुभ ठरायचे. त्यामुळे १९७४ च्या दिवाळीत, शहाद्याजवळ मामांच्या शेतावर, भरदुपारी सागाच्या फांदीवर एक छोटे घुबड दिसले तेव्हा मी सरळ गलोल काढली. मामांच्या सालदाराने माझा हात धरला. म्हणाला, ‘‘राहू द्या भाऊ. उंदीर खातो तो, आपलं धान्य राखतो.’’ खडा हातातच राहिला.

त्या काळी पक्षिशास्त्रज्ञ अशाच एका छोट्या घुबडाला हरवलेले मानत होते. त्याचे नाव रानपिंगळा. त्याचा पहिला नमुना एफ. आर. ब्लेविट यांना १८७२ मध्ये मध्य भारताच्या पूर्वेकडील जंगलात मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी या पक्ष्याला ब्लेविट यांचे नाव दिले. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेच्या धड्यात आपल्याला भेटतात तेच हे ह्यूम. पुढे १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात, तळोदा-शहाद्याच्या बाजूला, आणखी काही पक्षी टिपले. १८८४ नंतर मात्र खात्रीचा पुरावा नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने होते.

त्यांपैकी एक होता रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा. त्याच्या चिठ्ठीवर साल होते १९१४ आणि ठिकाण होते गुजरातेतले तापीकाठचे मांडवी. संग्रहालयातल्या पक्ष्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी हा जणू त्याचा सातबारा. पक्षी कुठला, कधीचा, हे तिच्यावरूनच कळते. तिच्यावर भरवसा ठेवणाऱ्यांची वाट चुकली.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे जुने नमुने बारकाईने तपासले. क्ष-किरणांनी आतली भरणी पाहिली. कातडे साफ करण्याची, पेंढा भरण्याची प्रत्येकाची हातोटी वेगळी असते. मांडवीच्या म्हणवणाऱ्या पक्ष्यात हातोटी निघाली डेव्हिडसन यांची! तो पक्षी ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला होता. त्याला नवा आकार देऊन नवी चिठ्ठी बांधली होती. ती खोटी चिठ्ठी बाजूला झाली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे समोर आली.

रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणे धुंडाळली. तिथे काही मिळाले नाही. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात, दिवसाढवळ्या, रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते.

काही वर्षांनी तोरणमाळच्या वाटेवर मलाही तो दिसला. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपकेच ठिपके असतात. याचे डोके जवळजवळ कोरे, छाती गडद तपकिरी, पोट पांढरे. शेपटी झटकत तो उन्हात निवांत बसला होता. पुढे तो मेळघाट आणि यावलच्या जंगलांत सापडला, २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही दिसला. त्याच्यावरचे संकट मात्र टळलेले नाही. घरट्यासाठी त्याला जुन्या झाडांच्या ढोली लागतात, आणि जुनी झाडेच आधी तोडली जातात. मामांच्या बांधावरचे सागही गेले. आता तिथे पपईची बाग आहे.

हे सांगितले की मित्र म्हणतात, ‘‘म्हणजे तू लहानपणीच रानपिंगळा पाहिलास!’’ हो म्हणण्याचा मोह होतो. पण साधा पिंगळाही कधीकधी दिवसा दिसतो, आणि त्या दिवशी माझे लक्ष नेमाकडे होते, त्याच्या डोक्यावरच्या ठिपक्यांकडे नव्हते. हवे ते नाव चिठ्ठीवर लिहिले की काय होते, हे आपण पाहिलेच. म्हणून माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे: छोटे घुबड, सागावर, भरदुपारी. सालदाराने वाचवले.